उद्यान कीं इमारत?

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याजवळील इंदिरा गांधी क्रीडांगणाला लोक आजही ‘पार्क मैदान’ म्हणतात. प्रेक्षागार उठलें, पण नांव मोकळ्या जागेचेंच राहिलें!

गिरण्यांच्या आणि मागांच्या या शहरांत एका खोलीचे संसार पुष्कळ. अशा घराला वाचनालयही हवें असतें आणि वैशाखांतल्या उकाड्यांत दोन घटका बसावयास झाडही. म्हणूनच बागेंत समाजमंदिर बांधावें, असें म्हणणाऱ्यास वेड्यांत काढतां येत नाहीं. मात्र प्रथम इमारत येते, मग तिच्याभोवतीं भिंत आणि शेवटीं कुलूप.

बंगळूर येथें उद्यानासाठीं राखलेली जागा एका न्यासाला खासगी रुग्णालयासाठीं देण्यांत आली होती. रहिवासी न्यायालयांत गेले. रुग्णालय हेंही लोकोपयोगीच, असा युक्तिवाद झाला. तरीही 1991 सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें वाटप रद्दच ठरविलें आणि रहिवाशांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला. रुग्णालय हवें असेल, पण उद्यानाच्या जागेवर नव्हे.

महाराष्ट्रांत 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणें विकास योजनेंतील आरक्षण बदलावयाचें तर सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. पण बागेंत रोज येणारी म्हातारी राजपत्र कोठून वाचणार? ती सूचना बागेच्या फाटकावर, मोठ्या अक्षरांत, मराठींत, कानडींत, तेलुगूंत आणि उर्दूंतही लावावी. मग समाजमंदिर हवें असणारे आणि नको असणारे त्याच झाडाखालीं एकमेकांचें ऐकतील; आणि जवळच एखादी पडीक सरकारी जागा आहे, हेंही कोणाला तरी आठवेल.