दोन चंद्र आणि एक डोळा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



पुण्यात पेशवाई अजून नांदत होती तेव्हा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तंजावूरला इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापले गेले. ते छापविणारे सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२). मराठी शाळेच्या उत्सवात त्यांचे स्मरण उचितच आहे. परंतु आजचा विषय त्यांचा छापखाना नाही. विषय आहे त्यांच्या राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात एकाच छपराखाली राहिलेल्या दोन प्रकारच्या कागदांचा.

पहिला प्रकार वेदान्ताच्या पोथ्यांचा. नायक राजांनी या संग्रहाचा पाया घातला, भोसल्यांनी तो वाढविला आणि सरफोजींनी काशीयात्रेहूनही त्यात भर घातली. दुसरा प्रकार नेत्ररोग्यांच्या नोंदींचा. राजांच्या आश्रयाने ज्यांच्या डोळ्यांवर उपचार झाले, त्यांची हकिकत इंग्रजीत लिहिलेली आहे आणि सोबत डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. चित्रातला डोळा बारकाईने रेखाटलेला आहे. त्या डोळ्यातून पाहणारा मात्र कोणत्याही चित्रात नाही, आणि तो नाही हा काही चित्रकाराचा दोष नव्हे.

पोथ्यांचा सारा खटाटोप त्या पाहणाऱ्यासाठीच आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच, एकच चंद्र दोन भासतो, असा दाखला दिला आहे. असा भास घडविणारा तिमिर नावाचा नेत्ररोग वेदान्त्यांना दृष्टान्तासाठी फार प्रिय. दुसरा चंद्र कोणी आणलेला नसतो, म्हणून तो घालवावाही लागत नाही; दोष गेला की तो उरत नाही. अंतिम सत्य 'मिळवायचे' नसून त्यावरचा पडदा दूर करायचा आहे, ही भूमिका येथून निघते. तिला एक अट मात्र जोडलेली आहे. जाणणारा हा कधी जाणण्याची वस्तू होत नाही, हे याज्ञवल्क्याने मैत्रेयीला बजावले आहे. आणि ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त अज्ञानाचे खंडन करताना ज्ञानालाही सोडलेले नाही. म्हणजे ज्यांनी सत्य गवसल्याची ग्वाही दिली, त्यांनीच 'गवसणे' हा शब्द संशयित ठरविला.

आता नेत्रवैद्याकडे वळावे. दृष्टान्त देणाऱ्याने ज्याच्याकडून तो उसना घेतला, त्याचेही थोडे ऐकले पाहिजे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात वर्णिलेल्या शस्त्रक्रियेत डोळ्यात शलाका घालून गढूळलेले भिंग दृष्टीच्या वाटेतून खाली सारले जाते. पडदा दूर होतो, प्रकाश आत येतो. पण भिंगाविना डोळ्याला सारे धूसर दिसते, जाड चष्म्याची गरज लागते. पडदा सरला म्हणजे दर्शन पूर्ण झाले, असे निदान वैद्याच्या अनुभवाला तरी दिसत नाही.

याहून नवलाची गोष्ट लंडनच्या विल्यम चेसेल्डन या शस्त्रवैद्याने १७२८ साली नोंदविली. अगदी लहानपणीच दृष्टी गेलेल्या एका मुलाला वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास दृष्टी आली, तेव्हा समोरच्या सर्व वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटल्या आहेत असे त्याला वाटले. अलीकडे भारतातच 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उपचार झाले. हाताने चाचपलेली वस्तू नुसती पाहून ओळखणे त्यांना प्रथम साधले नाही. काही दिवसांत ते साधू लागले. दिसणे आणि उमगणे यांत एवढे अंतर असेल, तर विश्वाचे सत्य क्षणात झळकल्याचे ऐकताना पुढील दिवसांची चौकशी केलेली बरी.

मग माणसाला ते कधीच कळणार नाही काय? जर्मन शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी १८७२ मध्ये तसे ठासून सांगितले: जडाचे स्वरूप आणि जाणीव ही दोन कोडी मनुष्याला सुटणार नाहीत. पुढच्या साठ वर्षांत जडाविषयीची कल्पना मुळापासून पालटली. जाणिवेचे कोडे मात्र उभेच आहे. मेंदूत काय घडते ते सांगता आले तरी त्याबरोबर अनुभव का असतो, हा प्रश्न डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये 'कठीण' म्हणून वेगळा काढला. तरीही 'कधीच नाही' म्हणण्यात एक गोम आहे. बुद्धीचे कुंपण कोठे संपते हे ठामपणे सांगणाऱ्याने त्यापलीकडे डोकावलेले असले पाहिजे! 'जाणले' म्हणणारा आणि 'जाणणे अशक्य' म्हणणारा, दोघेही एकाच उंच आसनावर बसून बोलतात.

सरफोजींच्या आयुष्यात हा वाद पुस्तकी नव्हता. त्यांचे गुरू ख्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्ट्झ हे धर्मोपदेशक. अंतिम सत्य कोणते, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. शिष्याने त्यांची विद्या घेतली, धर्म घेतला नाही. १८२६ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर भेटीस आले तेव्हा राजांच्या तोंडी लाव्हाझिए आणि लिनियस यांची नावे सहज येत होती. पण तोवर राजे काशीची यात्राही करून आले होते. १७९८ साली श्वार्ट्झ वारले, तेव्हा ज्या एका प्रश्नाला गुरूच्या लेखी सर्वाधिक मोल होते, त्यावर दोघांचे एकमत झालेले नव्हते.

राजांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावूरच्या चर्चमध्ये आजही आहे. मृत्युशय्येवर श्वार्ट्झ पहुडले आहेत, बाजूला शाळेतली मुले उभी आहेत, आणि राजाने गुरूचा हात हातात घेतला आहे.