छायाचित्राखालची ओळ

(अलिबाग येथे होतकरू छायाचित्रकारांसमोर केलेले भाषण, संक्षेपाने)



अर्थशास्त्राच्या माणसाला छायाचित्रणावर बोलावयास लावणे हे तुमचे धाडसच. पण ज्यांच्याकडे पाहून कॅमेरा हाती घ्यावासा वाटतो असे तुमच्यापैकी अनेकजण सांगतात, ते सेबास्तियाओ साल्गादो मुळात अर्थशास्त्रज्ञच होते. ब्राझीलचे साल्गादो लंडनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरीस होते. कामानिमित्त आफ्रिकेत जाताना पत्नीचा कॅमेरा बरोबर नेत. १९७३ मध्ये त्यांनी छायाचित्रणासाठी नोकरी सोडली. सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीत चिखलाने माखून शिड्या चढणाऱ्या मजुरांची त्यांची १९८६ ची चित्रे जगभर गेली. धनबादचे खाणकामगारही त्यांनी टिपले. २०२५ मध्ये ते निवर्तले.

त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. तरीही सुझन सोनटॅग यांनी २००३ मध्ये घेतलेला आक्षेप मला बिनतोड वाटतो. साल्गादोंच्या स्थलांतरितांच्या चित्रांखाली माणसांची नावे नाहीत, असे त्या म्हणाल्या. नाव गेले की दुःख पावसापाण्यासारखे नैसर्गिक भासू लागते. ते कोणाच्या निर्णयामुळे ओढवले, हे विचारण्याचे कारणच उरत नाही.

आपल्याकडे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षे काढली. हे कामगार बहुतांश दलित. गटारात, कचऱ्याच्या ढिगावर आणि पुढे त्यांच्या घरांतही ओलव्यांचा कॅमेरा गेला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. (२०१३ च्या कायद्यानंतरही गटारात माणूस उतरतोच आहे, हे मात्र पुरस्कारांच्या बातमीत येत नाही.) मदुराईकडच्या एम. पलनी कुमार यांचे काम तर तुम्हांला आणखी जवळचे वाटेल. त्यांची आई मासळी विकून घर चालवी. त्यांनी तिचीच छायाचित्रे काढली. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ती आहेत. तेथे चित्राखाली माणसाचे नाव, गाव आणि काम लिहिण्याचा प्रघात आहे.

आता आपला किनारा. कुलाबा किल्ला, मुरूडचा जंजिरा, काशीदची वाळू यांच्या चित्रांना तोटा नाही. त्यांत माणूस असलाच तर सूर्यास्तापुढची काळी आकृती म्हणून! वाळूवर जवळा पसरणारी, बांबूंवर बोंबील टांगणारी कोळीण चौकटीबाहेर राहते. आमच्या शास्त्रानेही तिला तसेच वागवले आहे. मासळीच्या हिशेबात बोटीचे डिझेल येते, बर्फ येतो. तिचे उन्हातले तास घरकाम समजून सोडून दिले जातात.

ती जेथे मासळी वाळवते ती जागा सहसा तिच्या नावे सातबाऱ्यावर नसते. वहिवाट असते, कागद नसतो. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने कोळीवाडे, मच्छिमारांच्या सामाईक जागा, मासळी वाळवण्याची ठिकाणे नकाशावर दाखवावीत असे म्हटले होते. नकाशात न आलेली जागा उद्या जेटी किंवा रिसॉर्ट येताना ‘मोकळी’ ठरते. भरपाईसाठी काय झगडावे लागते ते उरणच्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये पाच जीव गमावून पाहिले; आणि त्यांच्याजवळ निदान सातबारा तरी होता.

म्हणून प्रकाशयोजनेइतकेच लक्ष ओळीकडे द्या. तारीख, वाडी, जागेची ओळखीची खूण, मासळी कोणती, पाटीला भाव काय मिळाला, बर्फाला किती गेले, हे लिहा. नाव तिच्या संमतीनेच. ती नको म्हणाली तर नको. छापलेली प्रत तिच्या घरी पोहोचवा, कारण वेळ आली तर ती दाखवायची आहे तिलाच.

आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांतही त्याच जागी उभे राहून चित्र घ्या. तेव्हा तेथे एकही बोंबील टांगलेला नसतो. मोजणीदार नेमका त्याच दिवसांत आला, तर तो काय लिहून नेईल?