शिंपलीच्या शेतीचा हिशेब



आपले नागोठणे अंबा नदीच्या काठी वसले आहे. हीच नदी खाली धरमतरच्या खाडीला मिळते. कोकणच्या खाड्यांत मोठ्या ओहोटीला बायका चिखलात उतरतात, तिसऱ्या आणि कालवे काढतात व बाजारात वाटे लावून विकतात. गिऱ्हाईक वाट्यासाठी घासाघीस करते. चिखलात गेलेल्या तासांचा भाव मात्र कोणी विचारीत नाही.

या बायकांनी आता शिंपल्यांची शेती करावी, असे सांगितले जाते. सल्ला चांगला आहे. शिणाणे, म्हणजे खडकाला चिकटणारी हिरवट शिंपली. तिचे बी दोराभोवती सुती कापडात गुंडाळून बांबूच्या सांगाड्याला पाण्यात टांगतात. कापड कुजेपर्यंत बी दोराला घट्ट धरते. खाद्य विकत घ्यावे लागत नाही. पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून ती वाढते. पाच-सहा महिन्यांत पीक येते. ते पावसाचे गोडे पाणी खाडीत भरण्यापूर्वी काढावे लागते, नाहीतर सारे मरते. केरळात कासारगोड जिल्ह्यातील पडन्ना येथे 1996 च्या सुमारास बायकांच्या गटांनी कर्ज काढून ही शेती सुरू केली. 2010 नंतरच्या दशकात आपल्या सिंधुदुर्गातील बचत गटांनीही ती केली.

मी शाळा लवकर सोडली. हिशेब शिकलो तो कामगारांच्या पगारपत्रकांवरून. म्हणून एक उदाहरण मांडतो. समजा, पाच जणींनी मिळून 200 दिवसांचे काम केले आणि बांबू, दोर, होडीभाडे, व्याज वजा जाता 40,000 रुपये उरले. कागदावर याला नफा म्हणतील. मी म्हणेन, ही दिवसाला 200 रुपये मजुरी झाली. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर 312 रुपये होता. मग नफा कुठे राहिला? बाईचे श्रम फुकट धरले, तरच तो दिसतो!

यावर उपाय आहेत. मजुरी खर्चात प्रथम लिहावी. माल वाट्यावर न देता वजनाने, उकडून व सोलून, गटाने एकत्र विकावा. आणि पाण्यावरचा हक्क गटाच्या नावे लेखी असावा. याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून 1939 पर्यंत खोतांविरुद्ध संप चालविला. राबणारा एक आणि वाटा नेणारा दुसरा, हेच त्याचे मूळ होते. जमिनीवरची खोती गेली. ती पाण्यावर पुन्हा उभी राहू नये.

शेवटी आपल्याविषयी. शिंपली पाणी गाळते, तेव्हा पाण्यातील घाण आणि विषही तिच्या अंगात साठते. वरच्या अंगाला गावाने व कारखान्याने नदीत काय सोडावे, हा म्हणूनच खालच्या बाईच्या भाकरीचा प्रश्न आहे. तिला दया नको. तिला स्वच्छ पाणी, खरे वजन आणि कामाचा दाम हवा. एवढे मागणे रास्त आहे की नाही, हे आपणच ठरवावे.