जुन्या गाडीची किंमत कोण ठरवणार?



आजचा विषय ऐकून तुमच्यातले काही हसतील. म्हणतील, मास्तर, आमच्याकडे सायकल धड नाही आणि तुम्ही मोटारीच्या विम्याचे काय सांगता! पण आपल्याच वाडीत पाहा. कुणाकडे आंब्याच्या पेट्या वाहणारी जुनी जीप आहे. कुणाची वडिलांच्या वेळची राजदूत आहे. रिक्षा तर चार आहेत. या सगळ्या गाड्यांचा विमा उतरलेला असतो, आणि विम्याचा कागद बहुतेकांनी कपाटात ठेवलेला असतो. वाचलेला नसतो. आमच्या घरीही तसेच होते. तीच हकिगत सांगतो.

आमच्या थोरल्या बंधूंकडे फियाट गाडी आहे. पद्मिनी म्हणतात तीच. ते मुंबईत गोदीत नोकरीला होते, तेव्हा १९८८ साली त्यांनी ती घेतली. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला तयार होत असे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर कंपनी ती बनवीत असे. इसवी सन २००० च्या सुमारास गाडी निघणे बंद झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी बहुतेक याच होत्या. त्यांतली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. म्हणजे गाडी जुनी, नवे सुटे भाग मिळत नाहीत. पण हौशी लोक ती शोधत फिरतात. मुंबईच्या एका गृहस्थाने दादांना तिचे दीड लाख देऊ केले होते. दादांनी दिली नाही. वहिनी म्हणायच्या, "माणसापेक्षा गाडीची अंघोळ जास्त होते."

२०२२ साली गौरीगणपती बोळवून झाले आणि दादा कामासाठी पालीला निघाले. हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी कडेला लावून ते चहा प्यायला उतरले. तेवढ्यात एक ट्रक मागे आला आणि फियाटच्या तोंडावर बसला. बॉनेट दुमडले, डावे मडगार्ड आत गेले, पुढची काच फुटली. माणसाला काही झाले नाही, ही देवाची कृपा. ट्रकवाला मात्र तसाच निघून गेला. टपरीवर सहा-सात माणसे होती, पण नंबर कुणी टिपला नाही. तो मिळाला असता तर ट्रकच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता आली असती. त्यासाठी मोटार अपघात न्यायाधिकरण असते. नंबर नाही, तेव्हा तो रस्ताच बंद झाला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. विमा दोन तऱ्हेचा असतो. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर त्याला मिळणारा. तो कायद्याने घ्यावाच लागतो. आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान त्यातून एक पैसाही भरून येत नाही. त्यासाठी ज्याला लोक "फुल इन्शुरन्स" म्हणतात तो हवा. जुन्या गाडीला पुष्कळ जण नुसता थर्ड पार्टी घेतात. दादांनी फुल घेतला होता, एवढे बरे.

दादांनी त्याच दिवशी कंपनीला फोन केला, पोलिसांत कळवले, आणि गाडी हलवण्याआधी आमच्या पुतण्याने चारी बाजूंनी फोटो काढले. ते फोटो पुढे फार उपयोगी पडले.

कंपनीने गाडी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात नेववली. तिथे सर्व्हेअर आले. सर्व्हेअर म्हणजे नुकसान मोजणारा माणूस. त्याला सरकारी विमा प्राधिकरणाचा परवाना लागतो. गॅरेजने एस्टिमेट काढले ५८,००० रुपयांचे. जो भाग वाकला तो नवा घालायचा, आणि नवा बाजारात नाही म्हणून लांबून मागवायचा, असा त्यांचा हिशेब. आठ दिवसांनी कंपनीचा निरोप आला: "तुमची गाडी टोटल लॉस आहे. ३९,००० रुपये घ्या आणि गाडी आम्हाला द्या. गाडी ठेवायची असेल तर मोडीचे २२,००० वजा करून १७,००० मिळतील." सोबत सहीचा कागद.

दादा संतापले. "दीड लाखाची गाडी, आणि हे चाळीस हजार म्हणतात! तू मास्तर आहेस ना, बघ काय लिहिलंय ते."

आम्ही पॉलिसी उघडली. इंग्रजी मजकूर, बारीक अक्षर. चष्मा लावून एकेक ओळ वाचली. त्यात एक रकाना होता, आयडीव्ही नावाचा. म्हणजे विम्यापुरती धरलेली गाडीची किंमत. गाडी पूर्ण गेली तर जास्तीत जास्त तेवढेच मिळते. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला ही किंमत ठरीव कोष्टकाने कमी होत जाते. पाच वर्षांच्या वरच्या गाडीची किंमत मालक आणि कंपनी यांनी आपसांत ठरवायची असते. दादांच्या पॉलिसीत आकडा होता ४०,०००.

"हा आकडा कुणी घातला?" आम्ही विचारले.

दादा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एजंट म्हणाला, किंमत कमी दाखवली तर हप्ता कमी बसेल. मीच हो म्हटलं."

वर्षाला दोनेक हजार वाचले असतील. म्हणजे कंपनीने काही आकाशातून आकडा काढला नव्हता. दादांना राग गिळावा लागला, आणि खरे सांगायचे तर एजंटाला शिव्या देणारे आम्हीही त्या दिवशी गप्प झालो.

पण प्रश्न संपला नव्हता. टोटल लॉस केव्हा म्हणतात? दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या शंभरात पंचाहत्तरच्या वर गेला तर. ४०,००० चे पंचाहत्तर टक्के म्हणजे ३०,०००. गॅरेजचे एस्टिमेट ५८,०००, म्हणून टोटल लॉस. तेव्हा आमच्या मनात आले की हे ५८,००० तरी खरे आहेत काय?

गावातल्या मिस्त्रींना घेऊन आम्ही गॅरेजात गेलो. तीस वर्षे फियाट ठोकणारा माणूस. त्यांनी हात फिरवून पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, हा पत्रा जाड आहे. ठोकून सरळ होतो. नवा कशाला हवा? बॉनेट तेवढं जुन्या बाजारातून आणू." त्यांचे एस्टिमेट निघाले ३३,०००. म्हणजे तरीही तीन हजारांनी वरच.

आम्ही कंपनीला अर्ज लिहिला. सहीच्या कागदावर सही केली नाही, कारण त्यात लिहिले होते की ही रक्कम पूर्ण व अखेरची म्हणून मान्य आहे. अर्जात तीनच गोष्टी मागितल्या. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत द्यावी, मिस्त्रींचे एस्टिमेट विचारात घ्यावे, आणि गाडी पुन्हा पाहावी. अहवालाची प्रत मागितल्यावर मिळते. अर्जाची पोच घेतली, तारीख आणि शिक्का घालून. मंडळी, पोच घेतल्याशिवाय कचेरीच्या पायऱ्या उतरू नका.

सर्व्हेअर साहेब पुन्हा आले. माणूस सरळ होता. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "हा खालचा पत्रा अपघाताने गेलेला नाही. हा गंजलाय. याचे ३,५०० मी धरणार नाही." दादा भांडायला उठले. आम्ही त्यांना धरून बसवले. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, आपल्याकडे कुठली गाडी गंजत नाही? झिजेचे पैसे विमा देत नाही. साहेबांचे बरोबर होते.

आणि गंमत पाहा. ३३,००० मधून ३,५०० गेले, राहिले २९,५००. तीस हजारांच्या आत! ज्या रकमेसाठी दादा भांडत होते, ती वगळल्यामुळेच गाडी मोडीतून वाचली.

मग दुरुस्तीच्या हिशेबाने भरपाई ठरली. तिचा तपशील सांगतो, कारण लोकांना वाटते की बिल होईल तेवढे सगळे मिळते. पत्रा ठोकण्याची व वेल्डिंगची मजुरी १२,००० होती, ती पूर्ण मिळाली. लोखंडी भाग ८,००० चे. गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असली की लोखंडी भागाला निम्मी घट कापतात, म्हणून ४,०००. काच २,५०० ची. काचेला घट नसते, ती पूर्ण. रबर १,००० चे, रबराला नेहमीच निम्मी घट, म्हणून ५००. रंगकाम ६,००० चे. त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर निम्मी घट, म्हणजे ७५० गेले, ५,२५० मिळाले. बेरीज २४,२५०. दीड हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. ते जाऊन हातात आले २३,२५०. गंजलेल्या पत्र्यासह खर्च झाला ३३,०००. दादांच्या खिशातून ९,७५० गेले. पण गाडी घरी राहिली.

साहेबांनी ऐकले नसते तर? सर्व्हेअरचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका विमा कंपनीच्या खटल्यात सांगितले आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांच्या कचेऱ्या मुंबईत व पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे दुसऱ्या परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल, मिस्त्रीचे लेखी मत, आधीचे फोटो हे सगळे पुढे ठेवता येते. तोंडी रागावण्याचा तिथे उपयोग नाही.

कुणी विचारील, फार जुन्या गाड्यांना काही वेगळी सोय नाही काय? आहे. १९४० सालापर्यंतच्या, मोटार क्लबाने दाखला दिलेल्या गाड्यांना आधी ठरवलेल्या किमतीची पॉलिसी मिळण्याची तरतूद विम्याच्या दरपत्रकात होती. गाडी पूर्ण गेली तर ठरली ती किंमत, घट न कापता. शिवाय २०२१ सालापासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते. तिच्या नंबरात 'व्हीए' अक्षरे असतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. दादांची फियाट दोन्हींत बसत नाही. हौशी माणसाला जुनी, कायद्याला नुसतीच म्हातारी.

एक तोटा सांगायचा राहिला. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात जी सूट मिळते, ती क्लेम केला की जाते. दादांची निम्मी सूट गेली. म्हणून लहानसहान पोच्यासाठी क्लेम करण्यात हशील नाही.

पुढच्या वर्षी पॉलिसीची मुदत भरायच्या महिनाभर आधी दादा स्वतः कंपनीच्या कचेरीत गेले. गाडीचे नवे फोटो, मिस्त्रींची बिले आणि एका सर्व्हेअरकडून फी देऊन घेतलेला किमतीचा दाखला सोबत नेला. त्यांनी सव्वा लाख सांगितले, कचेरीने ऐंशी हजार म्हटले. चहा झाला, पुन्हा बोलणे झाले आणि १,००,००० वर ठरले. हप्ता चांगलाच वाढला. वहिनी त्यावर अजून कुरकुरतात. नवी पॉलिसी घरी आली तेव्हा दादांनी चष्मा मागितला, आयडीव्हीचा रकाना शोधला, आकड्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली, आणि मगच कागद कपाटात ठेवला.