चट्टा लाल झाला म्हणून गोळ्या थांबवू नका

डोलवीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. एरवी आम्ही कर्ज, हप्ते, पापडांची विक्री यावर बोलतो. आज आमच्याच हातून झालेली एक चूक सांगणार आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या हातावर फिकट चट्टा होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता. भाकरी भाजताना तिथं चटका बसला तरी त्यांना कळलं नाही. आशाताईंना शंका आली, तपासणी झाली आणि कुष्ठरोगाच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या महिन्यात तोच चट्टा लालभडक होऊन सुजला, कोपर ठणकायला लागलं. आम्ही सगळ्याच म्हणालो, "गोळ्या उष्ण पडल्या असतील, थोडे दिवस बंद ठेवा." ताईंनी ऐकलं. पंधरवड्यात त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट वाकायला लागलं. पापड लाटताना लाटणं हातातून सुटू लागलं. मग आम्ही घाबरलो आणि त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. कुष्ठरोगाचा जंतू फार सावकाश वाढतो. अंगात शिरल्यावर चट्टा दिसायला कधी कधी पाच वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. बहुतेक माणसांचं शरीर त्याला दादच देत नाही. ज्यांना रोग होतो, त्यांच्यातही शरीराची ताकद सारखी नसते. काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना घेरतात. आपण खारेपाटातल्या बायका, बांध घातला की खारं पाणी कसं अडतं ते आपल्याला ठाऊक आहे. तसंच हे. अशा माणसाला चट्टे थोडे आणि त्यात जंतूही थोडे. काहींचा बांध मात्र कच्चा असतो. मग जंतू अंगभर पसरतात, चट्टे पुष्कळ येतात, कानाच्या पाळ्या जाड होतात.

आता लाल होण्याचं कारण. हा जंतू कातडीत आणि नसांमध्ये लपतो. गोळ्यांनी जंतू मरतात, पण मेलेल्या जंतूंचे अवशेष बराच काळ आत राहतात. शरीर एकदम जागं होऊन त्यांच्यावर तुटून पडतं. उंदीर कणगीत शिरला आणि आपण काठीने झोडपत सुटलो, तर उंदराबरोबर कणगीही फुटते ना? तशी या मारामारीत नस सुजते. वेळेत सूज उतरवली नाही तर बोटं वाकडी होतात, पावलाची जाणीव जाते, डोळा मिटत नाही. याला रिॲक्शन म्हणतात. उपचार चालू असताना ती येते, कधी कोर्स संपल्यावरही येते. ती गोळ्या बाधल्याची खूण नव्हे.

ताईंच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सूज उतरायला वेगळं औषध मिळालं, बोटांचे व्यायाम शिकवले. आज त्या पुन्हा पापड लाटतात. करंगळी मात्र अजून पूर्ण सरळ होत नाही. तेवढी आमच्या सल्ल्याची किंमत.

म्हणून मैत्रिणींनो, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. उपचार फुकट आहे. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर वर्षभर. गोळ्यांनी लघवी लालसर झाली, कातडी काळवंडली तरी घाबरू नका. चट्टा सुजला, नस दुखली, बोटात जोर कमी वाटला, ताप येऊन अंगावर दुखऱ्या गाठी उठल्या, तर त्याच दिवशी आशाताईंना गाठा. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नका आणि मनाने सोडूही नका.

आपल्याच जिल्ह्यात पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवन आहे. घरच्यांनी दूर केलेल्या कितीतरी रुग्णांना तिथं आसरा मिळाला. आता कुणाला घर सोडायची गरज नाही. गोळ्या सुरू झाल्या की रोग पसरणं लवकरच थांबतं. एका ताटात जेवल्यानं, हात हातात घेतल्यानं तो होत नाही.

३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन असतो. त्या दिवसाची वाट पाहू नका. गटाच्या पुढच्याच बैठकीत एकमेकींचे हात, पाठ, कानाच्या पाळ्या बघा. आणि सल्ला देण्याआधी विचारून घ्या. आम्ही ते शिकलो, पण जरा उशिरा.