शिंगं राखावीत की नकोत?

खिलार बैलाची शिंगं ही त्याची शान. पोळ्याला आपण ती रंगवतो, बेगड लावतो. ती जरूर राखा. मोकळ्या गोठ्यातल्या संकरित गायींचं मात्र वेगळं. गव्हाणीवर एकीनं मान फिरवली, की शेजारणीच्या पोटाला, कधी कासेला जखम होते. अशा कालवडींची शिंगं लहानपणीच खुडावीत. सुरुवातीला शिंगाचा कोंब फक्त कातडीत असतो. साधारण 2 महिन्यांनी तो कवटीला जुळतो. म्हणून केसांखाली गाठ बोटाला लागली, की लगेच पशुवैद्यकांना बोलवा. भुंड्या जातीच्या वळूची रेतमात्रा मिळाली, तर निदान निम्मी वासरं बिनशिंगीच होतील. आणि कोंबाला डाग द्यायचाच असेल, तर आधी भूल द्यायला लावा. वासराचं दुखणं आपणच जाणायचं.