चारचौघांसारखं

(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेलं भाषण)



२५ वर्षांचा हिशेब सेक्रेटरीसाहेबांनी मांडलाच आहे. मी पोरांबद्दल बोलणार. मास्तर माणूस, दुसरं काय बोलणार!

आपल्याकडं पोरगं मागं पडलं तर सगळे समजूत घालतात. पण ते चारचौघांपेक्षा वेगळं काही करायला लागलं, की “लई शाना झालास व्हय?” म्हणून तुटून पडतात. मागं पडलेल्याला हात देतो आणि पुढं निघालेल्याचे पाय ओढतो. वर त्याला आपण वळण लावणं म्हणतो.

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचं पोरगं! आपण पेढे वाटले. पण २००९ साली शिक्षक वडिलांनी त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातलं, तेव्हापासूनच्या १५ वर्षांत आपण काय वाटलं? खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला निघाले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. पदक नंतर आलं, घर आधी गहाण पडलं.

आणि मी काय केलं, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच सोसायटीतली एक मुलगी पहाटे गच्चीवर दोरीच्या उड्या मारायची. धावण्यात तालुक्याला पहिली आलेली. आमच्या डोक्यावर धपधप व्हायचं. शिवाय जिन्यात बायका तिच्या आईला विचारायच्या, “बाकीच्या पोरी करतात का असलं काही?” तक्रार वहीत पहिली सही माझी होती. गच्चीला कुलूप लागलं, किल्ली माझ्याकडं आली. मुलगी पुढच्या वर्षापासून इतर मुलींबरोबर क्लासला जायला लागली. मीच म्हणालो होतो, “आता कशी शहाण्यासारखी वागती!” पुन्हा ती कुठल्या शर्यतीत दिसली नाही. आज ती इथं नाही, तिची आई समोर बसली आहे. वहिनी, हे तुम्हाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

किल्ली अजून माझ्याकडंच असते. गेल्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी ती मागायला दारात आली. दिली. तेव्हापासून पहाटे पाचला झोप मोडतीय. तक्रार वही ऑफिसात आहे, पण मी तिकडं फिरकलेलो नाही.